ई म्हणजे नेमका कोणता

अमरावतीच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्या आठवड्यात हिपॅटायटिस ई विषाणूच्या नव्या वर्गीकरणाचा तक्ता करत बसले होते. ए, बी, सी, डी, ई ही अक्षरं ओळीनं येतात, पण हे विषाणू एकमेकांचे सगेसोयरे नाहीत; सगळे यकृत धरतात, एवढंच सारखं. ईचं कुळ वेगळं. त्या कुळात माशांचे, पक्ष्यांचे, उंदरांचे, वटवाघळांचेही विषाणू आहेत. माणसाला होणाऱ्या ईचे परत जनुकांवरून पाडलेले प्रकार: पहिला आणि दुसरा माणसातच राहणारे, तिसरा-चौथा डुकरांकडूनही येणारे.

तेवढ्यात पातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला सातवा महिना होता.

"ताई, अन्न पाह्यलं का मळमळ होते वं. लय थकवा आला."

"उन्हानं होते तसं. लिंबूपाणी घे," मी म्हटलं आणि पुन्हा तक्त्यात डोकं घातलं.

चार दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. डोळे पिवळे झाले होते. ईचा पहिला प्रकार गरोदर बाईच्या जिवावर उठू शकतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. "झाडपाला काही देऊ नका. आत्ताच अकोल्याले न्या," मी ओरडलेच.

मी अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ती बरळत होती. मला ओळखलं नाही. रिपोर्टमध्ये ई निघाला. तिसऱ्या दिवशी बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

आठवड्यानं बहीण नीट बोलायला लागली. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, हा रोग डुकरांपासून होतो.

"ताई, मी तसं काई खाल्लं का वं?"

"नाई. आपल्याकडं बहुतेक माणसाचाच असते. घाण पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं का येते."

"बहुतेक म्हंजे?"

दवाखान्यात प्रकार कुणी तपासला नव्हता. तपासला असता तरी उपचार तेच राहिले असते.

"तपासलं नाई," मी म्हटलं. "पण तू काईच चुकली नाई. चुकली मी. पहिल्या फोनलेच मले समजाले पाह्यजे होतं."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिच्या पायावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

मग तिनं विचारलं, "तू पाह्यलं का तिले?"

"हो."

"कोनासारखी होती?"

"तुह्यासारखी," मी म्हटलं.