जिन्यातला खालचा माणूस

मामाला लवकर उभं करायच्या नादात मी त्याला पार आडवा केला.

झालं असं, की न्यूमोनियातून मामा घरी आला आणि डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन वाढवा." हा शब्द ऐकताच माझी छाती फुगली. मी व्यायामशाळेत जातो. म्हणजे विषय आपल्या घरचाच. त्याच संध्याकाळी बादलीएवढा पावडरचा डबा आणला. त्यावर मान नसलेल्या एका माणसाचा फोटो होता. एका वेळी एक चमचा, असं लिहिलेलं. मी म्हटलं, हे किरकोळ माणसांसाठी असणार. मामाला तीन! वर मामीला बजावलं, "जेवण देऊ नकोस. पोट भरलं तर हे कोण पिणार?"

गरम दुधात पावडरच्या गाठी झाल्या. मामा बिचारा डोळे मिटून प्यायचा.

"चव कशी आहे?"

"भिंतीला पुट्टी लावतात ना, तीच. फक्त पातळ."

आठवडा संपायच्या आत मामाचं पोट नगाऱ्यासारखं झालं, प्यालेलं सगळं बाहेर आलं आणि तो स्टुलावर बसला तो उठेचना. मामी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "तो डब्यावरचा माणूस बोलावून आण आता. तोच उचलेल यांना."

आणि हा मामा कोण, तर ज्याला कामावर सगळे 'पायथा' म्हणतात तो! आमचं काम लोकांचं घरसामान हलवायचं. मी काचेची भांडी कागदात गुंडाळतो, बाकीचे वजनं उचलतात. कपाट जिन्यानं वर न्यायचं तर एक जण वरून धरतो, एक खालून. वरचा नुसता दिशा देतो. सगळा भार येतो खालच्याच्या अंगावर. मामा आयुष्यभर खालचा. फ्रिज छातीशी घेऊन तो जिन्यात अशा गप्पा मारायचा, की वर धरणाऱ्या लांब्याला, म्हणजे आमच्यातल्या उंच गड्याला, वाटावं, आपणच एकटे राबतोय.

आता त्या पायथ्याला खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागत होते. आमचे शेठ घरी येऊन पाहून गेले. माणूस वाईट नाही. सफरचंदं घेऊन आले होते. पण जाताना म्हणाले, "दोन महिने वाट बघतो. नाहीतर गोदामाच्या फाटकावर बस. खुर्ची देतो, पंखा देतो." मामा त्यांच्यासमोर हसला. ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मामीनं आम्हा दोघांना दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंपुढे नेऊन बसवलं. मामाचे रिपोर्ट पाहून बाईंनी आधी विचारलं, "आजारापूर्वी दिवसभरात काय खायचात?"

"सकाळी चहा. मग चहा. शेवटची खेप उतरली की जेवण."

"मधे काहीच नाही?"

"भरल्या पोटी जिना चढायचा नाही, असं आहे आमच्यात."

"आणि तापात?"

"भाताचं पाणी," मामी म्हणाली. "तेही हातापाया पडून."

बाईंनी मामाची मांडी दाबून पाहिली. "चरबी शरीर साठवून ठेवतं. प्रथिनांचं तसं गोदाम नसतं. ती रोजची रोज लागतात. स्नायूंना, जखम भरायला, आजाराशी झगडायला. बाहेरून आली नाहीत, त्यात ताप असला, की शरीर स्वतःचे स्नायू मोडून काम भागवतं."

मामानं स्वतःही एकदा मांडी दाबून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे सरपण संपलं म्हणून घरातल्या खुर्च्या जाळल्या."

"अगदी तसंच!"

"माझं तर कपाटही गेलं, बाई."

बाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आणि या साहेबांनी जेवणच बंद केलं. पोटात पुरेसं अन्न नसलं, की डब्यातलं प्रथिनही बरंचसं सरपण म्हणूनच जळतं. डबा वाईट नाही. पण आधी ताट." मी टेबलावरच्या पेनाचं बारकाईनं निरीक्षण करू लागलो.

मामाची मूत्रपिंडं ठणठणीत होती, म्हणून बाईंनी मोकळ्या हातानं सांगितलं: अंडं, दूध, दही, मासे, चणे, शेंगदाणे. डाळ भाताबरोबर, कारण एकीत जे कमी असतं ते दुसऱ्यात सापडतं. आणि सगळं रात्रीच्या एकाच ताटात कोंबायचं नाही, दिवसभरात वाटून खायचं. शिवाय खुर्चीतून उठबस करायची, रोज थोडी वाढवत. "नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत."

"बरोबर आहे," मामा म्हणाला. "माल आला तरी रचणारा हवा."

मग घरात नवंच राज्य सुरू झालं. मामी काजं-बटणांचं काम करायची, तिच्या मशीनसमोर मामाची खुर्ची. तिची सुई अडली की मामानं उठायचं. सुरुवातीला तो हात टेकायचा, मग एकच हात, मग नुसती बोटं. मामी वर न बघता म्हणायची, "बोटं दिसतायत मला." ज्या दिवशी बोटंही टेकली नाहीत, त्या दिवशी तिनं मशीन थांबवलं, डोळ्यांना पदर लावला आणि सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून माझ्यावरच खेकसली.

मामा परत ट्रकवर आला तो खाण्याचा डबा घेऊन. सकाळीच, पहिल्या खेपेआधी, उकडलेली अंडी! लांब्या ओरडला, "पायथा, जिन्यात पोटात दुखेल हां!"

"तुझं दुखतंय ते बघून," मामा म्हणाला. "खाऊन जरा बसायचं, मग उचलायचं. घे एक."

लांब्यानं दोन घेतली.

शेठनी मुदत दिली होती ती संपत आली होती. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर सागवानी कपाट चढवायचं होतं, लिफ्ट नाही. शेठ खाली ट्रकला टेकून उभे. मामाला सांभाळून घ्यायचं म्हणून मीच मोठ्या रुबाबात खालची बाजू धरली. मामा वर.

पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर कपाट माझ्याच अंगावर कलायला लागलं.

"मामा, थांब जरा. टेकव."

कपाट टेकवलं. मामा कठड्यावरून वाट काढत खाली आला. "सरक." मी वर गेलो. त्यानं वाकून पकड घेतली, मांड्या ताठ केल्या आणि कपाट उचललं गेलं. तोंड लाल झालं त्याचं, गप्पाही मारल्या नाहीत. पण तिसऱ्या मजल्यापर्यंत पुन्हा कुठे टेकवायला सांगितलं नाही.

खाली आलो तेव्हा शेठ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "फाटकावर दुसरा माणूस बघ रे. आमचा नाही येत."

मामा ट्रकच्या पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि हात न टेकता उठला.

"आता राहिलं भाच्याचं," लांब्या म्हणाला. आमच्यात रीत आहे: जिन्यात जो 'टेकव' म्हणेल, त्यानं सगळ्यांना खिलवायचं. इतके दिवस चहावर भागायचं. आता या लोकांना अंडी लागतात, माणशी दोन.

मी म्हटलं, पाकीट घरी राहिलंय. त्याला बरेच दिवस झाले. पाकीट अजून घरीच आहे.