मामांचा गुडघा

"दाबा की जोरात, मॅडम. दुखत न्हाई मला," ज्ञानोबा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाले.

नेमकं तेच करायचं नव्हतं. गुडघ्याच्या वाटीच्या वर एक चपटी पिशवी असते. सांध्यात काही साचलं, की तिथे दिसतं. सोनोग्राफीचा प्रोब दाबला, की ते बाजूला सरकतं आणि गुडघा ठणठणीत वाटतो. म्हणून भरपूर जेल घालायचं आणि प्रोब नुसता टेकवायचा.

बीडमधल्या आमच्या सोनोग्राफी रूममध्ये भरदुपारीही अंधार असतो. बाहेर रिक्षांचा कलकलाट, आत एसीची घरघर आणि स्क्रीनचा निळसर उजेड. इतकी वर्षं झाली, तरी त्या उजेडात मला तंद्री लागतेच. करड्या रेघा हलत राहतात. हाड पांढरं, पाणी काळं. पालीच्या धरणावर दिवस मावळताना काठ आणि पाणी असंच हळूहळू वेगळं होत जातं. पेशंटसुद्धा इथे आपोआप हळू बोलतात.

ज्ञानोबांना जन्मापासून हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक, ज्याला आम्ही फॅक्टर म्हणतो, तो त्यांच्या रक्तात फार कमी. त्यामुळे सांध्यात आतल्या आत रक्त साचतं. असं वारंवार झालं, की सांध्याचं अस्तर सुजतं, कूर्चा झिजते. एक्स-रेत हे उशिरा कळतं, सोनोग्राफीत लवकर. मागच्या वेळी त्यांचं अस्तर जाड होतं, पण पिशवी रिकामी होती.

या वेळी ती भरलेली होती. साधं पाणी काळंभोर दिसतं. यात बारीक करडे कण तरंगत होते, कवडशात धूळ तरंगते तसे. बघत राहावं असं ते दृश्य. पण ते बहुधा ताजं रक्त होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

"काय उचललंत?"

"कुटं काय. घरीच हाय मी."

"पडलात?"

"न्हाई बा."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे कण बघा. हे मागे नव्हते."

ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "गव्हाचं पोतं."

"कावून?" 'का' असं विचारताना माझ्याही तोंडून त्यांच्याच बोलीतला शब्द निघाला.

"भाचीचं लगीन हाय. मामानं उचलून बोहल्यावर न्यायची असती, अन् एकलाच मामा हाय मी. म्हनून तिच्या वजनाचं पोतं भरलं अन् अंगणात चालून बगितलं. जमलं की, मॅडम! लई भारी वाटलं. मग ठणकाया लागलं, तवा बहिणीनं गरम इटकरीनं शेकलं."

अशा गुडघ्याला बर्फ लावायचा असतो. यांनी वीट लावली होती! हसावं की रागवावं, कळेना.

"तिला उचललंत, तर हा गुडघा कायमचा आखडू शकतो."

"एकडाव, मॅडम. ती ल्हान व्हती तवा कदी कडंवर घेतली न्हाई मी. घरचे घेऊच देत नव्हते."

"तिलाच फोन लावा," मी म्हणाले.

त्यांनी स्पीकरवर सगळं सांगितलं. पलीकडे लग्नघरातला गोंधळ ऐकू येत होता. मग भाची म्हणाली, "मामा, उचलू नका. तुमी बोहल्यापाशी बसा. मी चालत येते तुमच्याकडं."

ज्ञानोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी गुडघ्यावरचं जेल पुसत राहिले.

त्याच दिवशी त्यांना फॅक्टरचं इंजेक्शन मिळालं. बर्फ, पट्टी, आराम, सगळं त्यांनी मुकाट्याने केलं.

लग्नानंतर ते पुन्हा आले. पिशवी जवळजवळ रिकामी झाली होती. अस्तर जाडच होतं, ते तसंच राहणार. तपासणी संपल्यावर त्या अंधारात त्यांनी मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ लावून माझ्यापुढे धरला.

बोहल्याजवळच्या खुर्चीत फेटा बांधलेले ज्ञानोबा. मांडवातून नवरी सावकाश चालत आली. त्यांच्यासमोर थांबली आणि तिने दोन्ही हात वर केले, लहान मूल 'कडेवर घे' म्हणून करतं तसे. मामा खुर्चीत बसल्या बसल्या रडत हसत होते.

"पुन्हा लावा," मी म्हणाले. बाहेर पेशंट खोळंबले होते.

तेव्हापासून लग्नसराईत हिमोफिलियाचा सुजलेला गुडघा आला, की प्रोब टेकवायच्या आधी मी विचारते, "तुम्ही कुणाचे मामा आहात का?"