विनायकभाऊ फोनवर बोलत होते

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मानसशास्त्रात एम.ए. केलंय, नागपुरात मनीषनगरला राहते आणि तंबाखू सोडवणाऱ्या एका हेल्पलाइनवर समुपदेशक आहे.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी विनायकभाऊंचा फोन आला. गांधीबागेत कापडाच्या दुकानात सेल्समन. दिवसाला दहा-बारा खर्रे... सुपारी-तंबाखू-चुना घोटलेलं हे आमच्या नागपूरचं व्यसन.

"मॅडम, आजपासून बंद. पण तलब आली तं का करू?" खणखणीत आवाज होता.

मी नेहमीचंच सांगितलं. पाच मिनिटं थांबा, पाणी प्या, बडीशेप चघळा.

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मीच फोन केला. "सुटून राहिला ना, मॅडम!" म्हणाले. सातव्या दिवशी मात्र हळूच विचारलं, "आता तं मले काही होणार नाही ना?"

"सोडलाय ना भाऊ, धोका कमीच होत जाईल," मी म्हटलं. 

पंधराव्या दिवशी फोन त्यांच्या बायकोनं उचलला. मी म्हटलं, "विनायकभाऊंना द्या ना."

"काहून थट्टा करता वं बाई? दिवाळीच्या आधीच त्यायची जीभ अन् जबडा काढला. नळीनं जेवण देऊन राहिली मी."

 सुपरवायझरसोबत रेकॉर्डिंग ऐकलं — तिन्ही कॉलमध्ये त्यांचा आवाज स्वच्छ होता.

रविवारी, नियम मोडून, नोंदीतला पत्ता काढून इतवारीतल्या त्यांच्या घरी गेले. पलंगावर बसले होते. नाकात नळी, डोळ्यांखाली सगळं बँडेज. मी नाव सांगितलं, तर त्यांनी हात जोडले.

"भाऊ, माझ्याशी तुम्हीच बोललात?"

त्यांनी मान हलवली — हो. वहिनी भिंतीला टेकून खालीच बसल्या. भाऊंनी उशाजवळची पाटी घेतली, सावकाश लिहिलं, 'बरा होईन ना?'

डॉक्टरांनी आशा सोडली आहे, हे वहिनींनी मला दारातच सांगितलं होतं. मी पाटीकडे बघत राहिले. 

महिन्याच्या आत भाऊ गेले. त्यानंतर वहिनींचा फोन आला. "तो आवाज एकडाव ऐकवा ना वं..." मी वर विचारलं. रेकॉर्डिंग बाहेर देता येत नाही, असं उत्तर मिळालं. वहिनींनी पुन्हा फोन केला नाही.

जीभ नसलेला माणूस माझ्याशी तीनदा कसा बोलला, हे मला आजही कळलेलं नाही. कोणाला काही सुचत असेल तर सांगा. मी हेडफोन लावते, काम करते... पण पूर्वीसारखं ठामपणे कोणाला काही सांगू शकत नाही.