होणाऱ्या मेहुण्याची चौकशी

धाकट्या बहिणीसाठी आलेल्या मुलाची चौकशी करायला मी गेलो आणि पोलिसांनी मलाच धरून नेलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा सुरतेत डिंडोलीला राहत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, लूमवर होते आणि मी साड्यांच्या दुकानात पार्सलं शिवायचो. मामाने सुनंदासाठी स्थळ आणलं. मुलाचं नाव दिलीप, आपल्याच खान्देशातला, पण जन्म सुरतेतला आणि नोकरी पोलिसात! आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलाची गुपचूप चौकशी करतात. मुलाच्या गावी जायचं, न्हाव्याला विचारायचं, किराणावाल्याला विचारायचं, आणि मुलाकडच्यांना कानोकान कळू द्यायचं नाही. कळलं तर त्यांना वाटतं, यांचा आपल्यावर भरवसा नाही, आणि सोयरीक तिथेच मोडते. पण दिलीपला त्याच्या गावी ओळखणार कोण? तो तर लग्नकार्याशिवाय तिकडे फिरकलाच नव्हता. म्हणजे चौकशी सुरतेतच व्हायला हवी होती.

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या वाचनामुळे. रद्दीच्या दुकानातून मी रहस्यकथा आणायचो. रद्दीतली पुस्तकं ती, शेवटची पानं हमखास फाटलेली. त्यामुळे खुनी कोण हे मला कधीच कळलं नाही, पण संशय घेण्यात मी अगदी तरबेज झालो होतो.

जाण्याआधी घरात बैठक बसली. पोलीस आम्ही पाहिले होते ते फक्त सिनेमात. मी माहिती दिली, "पोलीस दोन प्रकारचे असतात. एक प्रामाणिक. त्याला मध्यंतराच्या आधी गोळी लागते आणि त्याची बायको पांढरी साडी नेसते. दुसरा पाकिटं खाणारा. त्याला शेवटी त्याच्याच बेड्या घालतात."

मायने तांदूळ निवडता निवडता हिशेब केला. "म्हंजे पहिला मरी जास आन् दुसरा जेलमा जास. मंग पोर कोनले देवानी?"

सुनंदा दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, तिसरा प्रकार असला तर तेवढा बघून ये." हसत म्हणाली खरी, पण पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळून गुंडाळून पार चुरगाळलं होतं. तिला फोटोतला मुलगा आवडला होता, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच तेवढं काहीतरी शोधून काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भेस्तानला त्याच्या चौकीसमोर हजर झालो. डोळ्यांवर काळा चष्मा. (फुटपाथवरून घेतलेला. त्याच्या काचेवर कंपनीचं चिकटपट्टीवालं लेबल तसंच होतं. मला वाटत होतं, सुरतेत आज धुकं पडलंय.) दिलीप बाहेर पडला तसा मी सायकलवरून त्याच्या मागे. त्याने मेथीची जुडी घेतली, हुंगून परत ठेवली, दुसरी घेतली. मग चक्कीवर जाऊन गव्हाचा डबा दळायला दिला. प्रामाणिक की पाकिटवाला, हे मेथीवरून काही ठरेना! मग मी आमच्या रीतीने जायचं ठरवलं. चौकीसमोर पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, होती. पानवाल्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

पुढच्या संध्याकाळी तोच चष्मा लावून मी गल्ल्यावर कोपर टेकवलं आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. "तो दिलीप पोलीस कसा आहे?"

"सारो छे. केम?"

"असंच. घरी कधी जातो?"

"सात वाजे."

"एकटाच जातो की कुणी सोबत असतं?"

पानवाल्याचा चुना लावायचा हात थांबला. मला वाटलं, माणूस आठवतोय.

"कुठल्या रस्त्याने जातो? घरी अजून कोण कोण असतं? कुणाशी वैर वगैरे?"

आता यात काय चुकलं? मुलगी द्यायची म्हटल्यावर हे विचारायलाच हवं! आमच्या मामाने माझ्या मावशीच्या वेळी याहून जास्त विचारलं होतं. पण पानवाला एकदम गोड झाला. "भाई, बेसो ने. चा पीओ." मला स्टुलावर बसवून तो समोर चौकीत गेला. मी मनात म्हटलं, खबऱ्या फुटला. चहा आला, आणि त्याच्या मागोमाग दोन पोलीस आले.

चौकीत एक पिकल्या मिशांचे गुजराती जमादार बसले होते. त्यांनी विचारलं, "नाम?" आता खरं सांगितलं तर चौकशीची गोष्ट फुटणार आणि सुनंदाची सोयरीक मोडणार. मी छाती पुढे काढली. "वकील आल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही."

जमादारांनी डोक्याला हात लावला. "तने पकड्यो ज नथी, भाई. नाम तो बोल."

मी पुन्हा वकीलच मागितला. शेवटी ते म्हणाले, मराठी माणूस आहे, मराठी माणसालाच बोलवा. आणि आतून कोण आला? दिलीप! तो माझ्यासमोर बाकावर बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "घाबरू नका. नाव काय?"

"रमेश." (खोटं. रमेश आमच्या शेजारी राहायचा.)

"वडिलांचं?"

"भगवान." हे मात्र खरं निघून गेलं. बापाचं नाव खोटं सांगायला जीभच वळेना.

"राहता कुठे?"

"डिंडोली."

"वडील लूमवर?"

"हो."

मग त्याने विचारलं, "आजोळ कुठलं?"

एकाही रहस्यकथेत फौजदार संशयिताला त्याचं आजोळ विचारत नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी मामाचं गाव सांगून टाकलं. तसे त्याचे कान लाल झाले. आवाज आणखी खाली आणत तो म्हणाला, "एकच बहीण ना? दहावी झालेली?"

जमादार कंटाळून ऐकत होते, ते ताठ बसले. "दिलीप, आमां एनी बहेन क्यांथी आवी?"

दिलीपने माझ्याकडून कारखान्याचा नंबर घेतला आणि आप्पांना निरोप पाठवला. आप्पा पाळी सोडून तसेच आले. केसांत, भुवयांत धाग्याचा भुसा. त्यांनी दिलीपला कधी पाहिलेलं नव्हतं. (फोटो मी आणि बायकांनीच पाहिला होता.) जमादार मोठे साहेब, त्यांच्याशी बोलायची हिंमत होईना, म्हणून आप्पांनी दिलीपपुढेच हात जोडले.

"साहेब, हाऊ मना आंडोर शे, मना पोऱ्या. पुस्तकं वाची वाची असा व्हयी गया."

मी आप्पांना डोळ्याने खुणा करत होतो. पण डोळ्यांवर काळा चष्मा होता!

"साहेब, एक इनंती शे," आप्पा आणखी वाकून म्हणाले. "मनी पोरनं लगीन जमी राह्यनं. नवरदेव पोलीसमाच शे, चांगला पोऱ्या शे म्हनतस. त्याले हाई कळनं ते सोयरीक मोडी जाई. त्याले नका सांगू."

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. दिलीपने आप्पांचे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाला, "नाही सांगत, काका. तुम्ही बसा." मग त्याने त्यांना पाणी दिलं आणि चहा मागवला. आम्ही निघताना वाकून त्यांच्या पायाही पडला. पोलीस पाया पडतो हे पाहून आप्पा इतके हादरले, की घरी पोचेपर्यंत मला शिव्या द्यायच्यासुद्धा विसरले.

घरी मी तो साहेब कोण होता ते सांगितलं, तेव्हा आप्पा तसेच भिंतीला टेकून खाली बसले. सुनंदा आत निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण रविवारी पाहुणे आले, अगदी ठरल्या वेळेला. पोहे झाले, पसंती झाली आणि दिलीपने चौकीचा एक शब्दही काढला नाही.

लग्नानंतर सुनंदाने त्याला विचारलंच, "एवढं होऊन तुम्ही होकार कसा दिला?"

तो म्हणाला, "आमच्यासमोर दिवसभर लोक खोटं बोलतात. तुझा भाऊ खोटं बोलायला बसला आणि दुसऱ्याच प्रश्नाला बापाचं खरं नाव सांगून मोकळा झाला. म्हटलं, या घराला फसवताच येत नाही. मुलगी करायला हरकत नाही."

म्हणजे रीतीप्रमाणे सोयरिकीआधी चौकशी झाली, आणि अगदी चोख झाली. फक्त ती त्याने केली, आणि त्यासाठी त्याला चौकीबाहेर पाऊलसुद्धा टाकावं लागलं नाही. मी आपल्या पायाने चालत गेलो!