देवाच्या बोकडाला सुई नाही

धुरपताबाई मला डॉक्टर म्हणते. मी डॉक्टर नाही, नळदुर्गजवळच्या एका दवाखान्यातला साधा पशुधन पर्यवेक्षक आहे. पण तिनं एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही चालत नाही. तीस शेळ्या, नऊ करडं आणि एक बोकड, एवढा तिचा संसार. नवरा गेल्यावर शेळ्यांमागं फिरून तिनं लेकीला, वर्षाराणीला शिकवलं. पोरगी बंगळूरच्या प्रयोगशाळेत पोचली, आणि तिथं अभ्यासाला घेतलं काय, तर शेळ्यांना मारणाऱ्या पीपीआरचा विषाणू!

दिवाळीला वर्षाराणी प्रबंध लिहायला म्हणून दोन महिने घरी आली, त्याच आठवड्यात मी लस घेऊन गेलो. तासभर हुज्जत घातल्यावर धुरपताबाई शेळ्यांना टोचू द्यायला तयार झाली. चार महिन्यांखालच्या करडांना ही लस देत नाहीत, म्हणून नऊही करडं राहिली. निम्म्या शेळ्या टोचून बोकडाकडं वळलो तशी मात्र ती आडवी आली.

"त्यो बिरोबाचा हाय. जत्रा होईस्तोर त्याच्या अंगातनं रगताचा थेंब काढायचा न्हाय."

देवाला सोडलेला बोकड बांधायचाही नसतो. हा तर पार हायवेच्या ढाब्यापर्यंत भटकायचा, जिथं बाजाराच्या शेळ्यांचे ट्रक थांबतात. मला ते माहीत होतं, वर्षाराणीलाही होतं. शेळीचा कान धरून ती माझ्याकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला अजून चार वस्त्या उरकायच्या होत्या. उरलेल्या शेळ्या टोचल्या आणि मी सुई पेटीत टाकली. त्या घाईचा आजही मला राग येतो.

चहा घेताना मी वर्षाराणीला विचारलं, तू तिकडं नेमकं करतेस काय?

"ह्या विषाणूचा जनुकीय मजकूर उलटा असतो, काका. शेळीच्या पेशीला तो थेट वाचता येत नाही. म्हणून त्या मजकुराच्या नकला काढायचं यंत्र तो स्वतःच घेऊन येतो. आणि 'सी' नावाचं एक छोटं प्रथिन त्या यंत्राला लगाम घालतं."

"लगाम कशाला? जितक्या नकला तितकं त्याचं भलंच की."

"तसं नाही. लगाम काढला की यंत्र सुसाट सुटतं. अर्धवट, एकमेकींना चिकटलेल्या नकला निघतात. पेशी त्या ओळखते, शेजारच्या पेशींना सावध करते, आणि विषाणू सापडतो. आरडाओरडा होऊ द्यायचा नाही, ही त्या प्रथिनाची नोकरी."

धुरपताबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. "लई बेरकी हाय की मेला," एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी बोकडाचं नाक वाहायला लागलं. वर्षाराणीनं पाहिल्याबरोबर मला फोन केला. आम्ही त्याला वेगळा बांधला, आणि धुरपताबाईनंही या वेळी हात आडवा घातला नाही. पण आदला दिवसभर तो करडांच्याच पाटीतलं पाणी प्याला होता.

शेळ्या लशीवर तगल्या. करडांना ताप चढला, तोंडात फोड आले, हगवण लागली. मी सलाइन लावली, इंजेक्शनं दिली, सगळं केलं. आठ दिवसांत आठ गेली. नववं धुरपताबाईच्या मांडीवर गेलं. बोकड तेवढा बरा झाला.

खड्डा बुजवून आम्ही तिघं बांधावर बसलो. वर्षाराणी खाली बघत म्हणाली, "आई, बोकडाला टोचायलाच पाहिजे होतं. मला त्याच दिवशी कळत होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू भडकली असतीस. उरलेल्या शेळ्यांनाही हात लावू दिला नसतास."

धुरपताबाईनं हाताची माती लुगड्याला पुसली. माझ्याकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"भडकले असते. वरडले असते. तुमा दोघास्नी शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "पर घटकाभरानं गप झालेच असते का न्हाय? मला वरडू द्यायचं व्हतंस, वर्षे."