आईची सही

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात माझ्या समोरच्या घरात राहणारे हे गृहस्थ औषधांच्या कारखान्यात अभियंता आहेत. वाईट बातमी सांगतानाही ते आधी इथल्या लोकांसारखे ‘ग्रँड’, म्हणजे ‘छान’, म्हणतात आणि हातातल्या कागदाचा कोपरा नखाने सपाट करीत राहतात.

“ग्रँड, काका. आईचा अर्ज नाकारला.”

मिरजेत एकट्या राहणाऱ्या आईला कायमचे इकडे आणायचे, तर ती मुलावर सर्वस्वी अवलंबून असल्याचे सिद्ध करावे लागते. माउलीने निवेदनात लिहिले होते, ‘माझे सगळे मी करते. कोणावर ओझे नाही.’ नकारपत्रात व्हिसा खात्याने नेमके तेच वाक्य उद्धृत केले होते.

माझा संताप अनावर झाला. मी चार पानी अपील लिहिले. गुडघ्यांचे, मोतीबिंदूचे, न्हाणीत पडल्याचे दाखले जोडले आणि त्या बाईंना ‘असहाय व परावलंबी’ ठरविले.

त्या गृहस्थांनी ते उभ्यानेच वाचले आणि नेमके तेवढेच शब्द खोडले.

“अहो, कायद्याला तेच शब्द हवे आहेत!”

“खाली आईचीही सही लागते, काका. ती वाचल्याशिवाय सही करत नाही.”

“मग काय, नाही म्हणतील?”

“करेल ना. माझ्यासाठी करेल. म्हणून तर नको.”

माझ्या पत्रातला स्वल्पविरामही मी आजवर कोणाला हलवू दिलेला नाही. त्या शब्दांवाचून अपील दुबळे होते, हेही मला पक्के ठाऊक होते. तरी ते पान मी त्यांच्यासमोर पुन्हा टंकलिखित केले आणि ते शब्द गाळले.