अर्ध्या तासाचं बिऱ्हाड

आता तुमच्यापासून काय लपवायचं? उद्या कोणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच, त्यापेक्षा मीच सांगतो. दुसऱ्यानं फजिती केली तर निदान त्याला शिव्या तरी घालता येतात. माझी मी स्वतः केली, तीही दोन माणसं हाताशी धरून.

मी रेडीचा. बंदरावर खनिजाचे ट्रक यायचे तेव्हा वजनकाट्यावर होतो, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुहास गोव्यात, औषधांच्या कारखान्यात; सूनही तिकडेच. लोकांची मुलं दुबईला असतात, येत नाहीत तर विमानाच्या भाड्याला दोष देता येतो. माझं काय? तेरेखोलच्या अंगानं फिरायला निघालो तर पाय दुखायच्या आत गोव्याची हद्द लागते. तरी सुहास चतुर्थीला येतो आणि विसर्जन झालं की जातो. त्याचा दोष नाही हो, शिफ्ट असते.

मी संध्याकाळी टीव्ही लावतो. बघत नाही. घरात माणसांचा आवाज हवा म्हणून लावतो. त्यातल्या सासवासुना भांडत असतात, मी पेज पीत असतो. चाललंय.

तर एक दिवस आमच्या बचत गटाची शिल्पा आली. म्हणाली, "आबानू, पुण्याच्या कॉलेजातली पोरां येतहत, चार दिवस. लोकां गाव सोडून कामाक खंय जातत, हद्दीवरच्या गावांनी कशी रवतत, त्याचो अभ्यास करूक. घराघरांनी दोन दोन पोरां ठेवची आसत. तुमच्याकडे ठेवू?"

मी म्हटलं, "बघू." म्हणजे मनात 'हो हो हो', पण माणसानं थोडं वजन ठेवावं की नाही?

"पण पयल्यान त्येंच्यो मॅडम घर बगूक येतल्यो," असं म्हणून शिल्पा गेली.

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. गाद्या उन्हात टाकल्या. माळ्यावरची दोन ताटं काढून चिंचेनं घासली. बांगड्याचं तिखलं पहिल्या दिवशी करायचं की दुसऱ्या, यावर विचार केला. सांगायला लाज वाटते, पण त्या मुलांशी जेवताना काय बोलायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं. खनिजाच्या बोटी कशा भरायच्या, एकदा ट्रक ड्रायव्हर काट्यावरच कसा झोपला, सगळं ओळीनं. आंघोळ करताना एकदा म्हणूनही बघितलं.

आणि मग डोक्यात किडा शिरला. मॅडम घर बघायला येणार म्हणजे काय बघणार? भिंती? माणसंच बघणार ना. एकट्या म्हाताऱ्याच्या घरात कोण पोरं ठेवील? उद्या म्हाताराच आजारी पडला तर पोरांनी त्याला पेज करून घालायची काय?

घर बघायला येणं म्हणजे काय असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. सुहासच्या लग्नाच्या वेळी मुलीकडचे आले तेव्हा अर्धी वाडी आमच्या ओटीवर बसवली होती. आतून बांगड्यांचा आवाज, बाहेर पानसुपारी, कोणीतरी उगाच विहिरीवर. मुलीचा बाप खूश. भरलेलं घर म्हणून पोरगी दिली. रीत आहे आपल्याकडची, सगळेच करतात. मी म्हटलं, इथंही तेच करू.

पण आता वाडीत बसवायला माणसं कुठं आहेत? निम्मी घरं कुलूपबंद. शेवटी दोघं मिळाली.

एक बाबी. आमच्या मधल्या दगडी गडग्यापलीकडे राहतो. लग्न केलं नाही, जन्म गेला ट्रॉलरवर, आता गुडघ्यांमुळे घरी. इतकी वर्षं शेजारी, पण आमचं बोलणं नारळ कोणाच्या हद्दीत पडला एवढ्यापुरतंच. दुसरी सुलभा, जी सकाळी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकते.

"बाबी, तू माझा धाकटा भाऊ. सुलभा, तू सून. अर्ध्या तासाचं काम."

सुलभा म्हणाली, "आबानू, माझी पाटी?"

"तुळशीमागे ठेव."

"आणि उरलेले बांगडे?"

"सगळे मी घेतो."

"मगे सून होतंय," म्हणाली आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. बाबीनं काही विचारलं नाही. घरी जाऊन इस्त्रीचा सदरा तेवढा घालून आला.

मॅडम आल्या. बरोबर दोन मुलं, एक उंच, एक चष्मेवाला. पाठीवर ही भली मोठी दप्तरं. दप्तरं बघून माझा जीव सुपाएवढा झाला. राहायच्याच तयारीनं आले होते हो.

"आजोबा, घरात कोण कोण असतं?" मॅडमनी विचारलं.

"सगळे! हा धाकटा भाऊ. आत सूनबाई. मुलगा बाजारात गेलाय."

"कामासाठी बाहेर कोणी? गोव्याला, मुंबईला?"

"छे छे. आमच्या घरातलं कोणी कधी बाहेर गेलं नाही. एकत्र कुटुंब."

मॅडमचा चेहरा जरा पडला. मला वाटलं, माणसं कमी पडली. म्हणून मी दुसरा भाऊ काढला. "मधला भाऊ माळ्यावर असतो, सहकुटुंब." उंच मुलानं वर बघितलं. आमचा माळा म्हणजे सुके नारळ ठेवायची जागा, माणूस बसला तर डोकं कौलाला लागतं.

सुलभा चहा घेऊन आली. मॅडमनी तिला विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" सुलभा बिचारी खरं बोलायची सवय असलेली. "गोव्याक हॉटेलात..." म्हणेपर्यंत बाबी असा खोकला की चहा सांडला. "गोव्यातल्या हॉटेलांना नारळ देतो," मी म्हटलं. "इथूनच."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुहासचा. महिन्यातून एकदा येणारा फोन, त्याला हाच मुहूर्त मिळाला. पडद्यावर हे एवढं मोठं नाव. आता बाजारात गेलेला मुलगा फोनवर 'बाबा, एकटे असता, जेवता ना नीट?' म्हणाला तर काय करू? कापला.

"घ्या ना फोन," मॅडम म्हणाल्या.

"बँकवाले," मी म्हटलं. "कर्ज घ्या म्हणून मागे लागतात."

मग मॅडमनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचं घर बघून फार बरं वाटलं. पण शिल्पाताईंची काहीतरी गल्लत झालेली दिसते. आम्हाला अशी घरं हवी आहेत जिथली माणसं कामासाठी बाहेर गेली आणि मागे कोणीतरी एकटं उरलंय. या मुलांनी त्यांच्याबरोबर राहावं, स्वयंपाक करावा, त्यांचं ऐकावं. शिल्पाताई म्हणाल्या होत्या, इथं एक आबा आहेत, अगदी एकटे."

सांगा आता, काय बोलणार? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. 'तो मीच' एवढे दोन शब्द. पण आत सून, बाहेर भाऊ, माळ्यावर एक अख्खं कुटुंब. ते सगळं ओलांडून ते दोन शब्द काही बाहेर येईनात.

आणि माझा अर्ध्या तासाचा भाऊ उठून उभा राहिला.

"मॅडम, एकटो माणूस व्हयो तर मी आसय," बाबी म्हणाला. "ह्यो माझो भाव, पण माझी चूल येगळी. गडग्यापलीकडे रवतंय. माका कोण विचारणत नाय."

चष्मेवाल्यानं माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दप्तरं उचलली आणि गेले त्याच्या मागून. सुलभानं तुळशीमागची पाटी आणून माझ्यापुढे बांगडे मोजायला घेतले.

नंतर मी सुहासला फोन लावला. बंद. शिफ्टला गेला असणार.

त्या रात्री मी आणि बांगडे. इतके बांगडे एकट्यानं खायचे म्हणजे शिक्षाच. गडग्यापलीकडून हसण्याचे आवाज येत होते. बाबीला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. दर्यावरच्या गजाली सांगत होता, मुलं "मग? मग?" करत होती. मी टीव्ही लावला. मग बंद केला, पलीकडचं नीट ऐकू येईना म्हणून.

तुम्हाला वाटेल, संपलं. कुठलं संपतंय! सकाळी सुलभा पाटी घेऊन बाबीच्या दारात. ती मुलं बघतात तर काय, कालच्या एकत्र कुटुंबातली सून डोक्यावर मासे घेऊन दारोदार फिरतेय. सासरा ओटीवर पेपर वाचतोय. झालं! मी आता नुसता भावाला टाकणारा राहिलो नाही, सुनेला छळणाराही झालो. रस्त्यात भेटले की मुलं मान फिरवायची.

शिल्पाला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "आबानू, तुमी एकटे म्हणानच तुमचा नाव दिल्लंय मी. माझ्या यादीत पयला घर तुमचा."

"मग सांग ना मॅडमना."

"काय सांगू? गावान फसवल्यान म्हणान? पुढल्या वर्षी कोण येतला मगे?" बरोबर होतं तिचं. गावाची अब्रू माझ्या खोट्या सुनेवर टेकलेली.

शेवटच्या दिवशी दुपारी ती दोन्ही मुलं माझ्या ओटीवर आली. मधे बाबी, मान खाली घालून, इस्त्रीच्या सदऱ्यात.

चष्मेवाला म्हणाला, "आजोबा, आम्ही लहान आहोत, बोलू नये. पण बाबीकाका रात्री एकटेच बोलतात. आम्हाला वाटलं फोनवर बोलतायत, पण फोन नव्हता. तुमच्या एवढ्या घरात एका माणसाला जागा नाही का? दोन वेळा जेवायला तरी बोलवा."

मी बाबीकडे बघितलं. मला वाटलं हसत असेल. हसत नव्हता. एकटं बोलायचं खरं होतं तर. मला कसं कळणार, मी इकडे टीव्ही लावून बसलेलो.

मला खरंच भरून आलं. मी म्हटलं, "बाबी, ये रे राहायला. आजपासून ये." नाटक नव्हतं ते, शप्पथ. या सगळ्या प्रकरणात मी मनापासून बोललेलं हे पहिलं वाक्य.

बाबी वर बघून म्हणाला, "नको दादानू. तुमच्याकडे आधीच माणसां लय. माझी अडचण कित्याक?"

त्या उंच मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं कारण वेगळं होतं. घरात एक माणूस नाही आणि एका माणसाला यायला जागा नाही. अशी पंचाईत कोणाची झाली असेल?

मुलांची गाडी गेली. जाताना दोघांनी बाबीच्या पाया पडून घेतलं. मला नुसता नमस्कार, तोही लांबून. रस्त्यावर आम्ही दोघेच उरलो.

मग मी म्हटलं, "बाबी, आता कोण नाही बघायला. रात्री जेवायला तरी ये."

"माझ्याकडेच ये," बाबी म्हणाला. "पोरांनी जाताना आमटी करून ठेवलीहा. मीठ लय झालाहा, पण एवढी आमटी माका एकट्याक संपाची नाय." दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "पण आबा, तू एकटोच ये हां. सगळ्या बिऱ्हाडाक घेवन येव नको."

आता एकट्यानं जाणं ही एक गोष्ट मला कोणी शिकवायला नको होती. गेलो.